दिल्लीहून बोर्डीच्या किनाऱ्यावर : कॅरॅव्हॅनचा मुक्काम कसा ठरवावा

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम, फरिदाबाद या भागात राहणाऱ्या मराठी घरांत मुलांना समुद्र दाखवायचा म्हणजे बहुधा विमानाने मुंबई नाहीतर गोवा. आता कॅरॅव्हॅन भाड्याने मिळू लागल्यापासून दुसरा एक बेत घराघरांत निघू लागला आहे. आजी-आजोबांसकट सगळ्यांनी एकाच गाडीतून निघायचे, वाटेत थांबत थांबत जायचे आणि चार दिवस समुद्रकाठी राहायचे. बेत उत्तम आहे. गुडघे दुखणाऱ्या आजीला वाटेतल्या ढाब्यावर स्वच्छतागृहासाठी वणवण करावी लागत नाही, लहानग्याचे दूध हवे तेव्हा गरम होते, आणि थांबायचे कुठे हे हॉटेलच्या वेळेवर नव्हे, तर माणसांच्या दमण्यावर ठरते. पण अशी सहल बिघडते ती रस्त्यावर नव्हे, समुद्रकाठी पोहोचल्यावर. गाडी रात्री नक्की कुठे उभी राहणार, पाणी कुठून भरणार आणि सांडपाणी कुठे सोडणार, या तीन गोष्टी ठरवल्याशिवाय निघू नये. या लेखाचा भर त्यावरच आहे.

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. कॅरॅव्हॅन पार्क सरकारी जागेवर, खासगी जमिनीवर, कृषी पर्यटन केंद्रात उभे राहावेत असा त्यामागचा विचार आहे. प्रत्यक्षात कोकणात आज बहुतेक ठिकाणी ‘कॅरॅव्हॅन पार्क’ अशी पाटी शोधत बसण्यात अर्थ नाही. एखाद्या रिसॉर्टचे मोकळे अंगण, निवास-न्याहारी देणाऱ्या घराची बाग किंवा फळझाडांची वाडी हाच तुमचा पार्क. तो आधी फोनवर बोलून, मोजमाप सांगून ठरवावा लागतो.

आता किनारा कोणता? माझे मत स्पष्ट आहे : दिल्लीहून पहिल्यांदा निघणाऱ्या कुटुंबाने गणपतीपुळे, गुहागर, तारकर्ली यांचा मोह आवरावा आणि पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला जावे. दिल्लीहून येताना महाराष्ट्राचा सर्वांत आधी लागणारा समुद्र हाच. गुजरातची हद्द ओलांडून तलासरीला महामार्ग सोडला की वीसेक किलोमीटरवर बोर्डी. वाटेत सह्याद्रीचा घाट नाही. दक्षिण कोकणात उतरायचे म्हणजे कुंभार्ली, आंबा किंवा ताम्हिणी घाटातून तीन-चार टनांची उंच गाडी उतरवायची, आणि खाली गावात शिरल्यावर दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, वर आंब्या-फणसाच्या फांद्या आणि लोंबत्या विजेच्या तारा. कित्येक घरांपर्यंत तर पाखाडीनेच पोहोचता येते. तिथे गाडी जाण्याचा प्रश्नच नाही. बोर्डीचा किनारा सपाट, उतार अगदी मंद, काठाला सुरूची झाडे आणि मागे चिकूच्या वाड्या. लहान मुले आणि वृद्ध यांना घेऊन जाण्यासाठी मला याहून सोपा मराठी किनारा ठाऊक नाही.

दिवसांचे गणित आधी मांडा. दिल्ली ते बोर्डी साधारण तेराशे किलोमीटर. मोटारीने काही जण हे अंतर दोन दिवसांत कापतात. कॅरॅव्हॅनने तसे करू नये. ताशी ७०-८० किलोमीटरच्या वर ही गाडी वाऱ्याने हलू लागते, आत बसलेल्यांना मळमळते, कपाटे उघडतात. दिवसाला तीनशे ते पावणेचारशे किलोमीटर धरा. पहिली रात्र किशनगड-अजमेरच्या आसपास, दुसरी उदयपूरला, तिसरी वडोदऱ्याला आणि चौथ्या दिवशी दुपारी बोर्डी. सोहना-दौसा-लालसोट हा दिल्ली-मुंबई द्रुतगती मार्गाचा २४६ किलोमीटरचा टप्पा फेब्रुवारी २०२३ पासून खुला आहे, त्यामुळे फरिदाबाद-सोहनाकडच्यांना दौसापर्यंत त्यानेही जाता येते. पण उदयपूरमार्गे जाणारा जुना महामार्ग मला कुटुंबासाठी बरा वाटतो, कारण त्यावर पेट्रोलपंप, दवाखाने, दुरुस्तीची दुकाने आणि गावे सतत लागतात. जाता-येता आठ दिवस रस्त्यावर आणि चार दिवस समुद्रावर, म्हणजे बारा दिवस हवेत. तेवढी रजा नसेल तर सरळ रेल्वेने मुंबई गाठावी आणि गाडी तिथे भाड्याने घ्यावी. आठवडाभरात दिल्लीहून जाऊन-येऊन करणे म्हणजे चालवणाऱ्याची शिक्षा आणि मुलांना समुद्राचे तोंडदेखले दर्शन.

काळ जानेवारीचा. दिल्लीच्या सरकारी शाळांना पहिल्या पंधरवड्यात हिवाळी सुट्टी असते, कोकणात हवा कोरडी असते आणि चिकूचा बहर चालू असतो. ३१ डिसेंबरची गर्दी मात्र टाळा. मे-जूनच्या सुट्टीत जाऊ नका. मे अखेरीस समुद्र खवळू लागतो आणि जून-जुलैत तर महाराष्ट्रात मासेमारीही बंद असते. कोळी ज्या पाण्यात उतरत नाहीत, त्यात आपली मुले उतरवू नयेत. जानेवारीत निघताना दोन अडचणी दिल्लीच्या बाजूच्या आहेत. एक धुके : हरयाणा आणि उत्तर राजस्थान पार होईपर्यंत सकाळी नऊच्या आधी गाडी हलवू नका. दुसरी ‘ग्रॅप’ची, म्हणजे दिल्ली परिसरात हवा बिघडली की टप्प्याटप्प्याने लागू होणाऱ्या निर्बंधांची. हवा ‘गंभीर’ पातळीवर गेली आणि तिसरा टप्पा लागू झाला, की दिल्ली, गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद आणि गौतमबुद्धनगरमध्ये बीएस-४ डिझेल चारचाकींना बंदी येते. कॅरॅव्हॅन बहुतेक डिझेलवरच्या असतात. म्हणून बुकिंग करताना पहिला प्रश्न गादी, टीव्ही किंवा फ्रिजबद्दल विचारू नका. गाडी बीएस-६ आहे का, हे विचारा.

कागद आणि पट्टे

गाडीची पाटी पाहा. भाड्याने स्वतः चालवायच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात, चालकासह मिळणाऱ्या गाडीला पिवळ्या पाटीवर काळी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी स्वस्तात देऊ केली तर घेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करील. नोंदणीपत्रात गाडीचा प्रकार काय लिहिला आहे ते वाचा. साध्या व्हॅनमध्ये घरच्या घरी पलंग आणि शेगडी बसवून घेतली आणि तो बदल नोंदणीपत्रात नाही, तर तीच अडचण येते. अखिल भारतीय पर्यटक परवाना असेल तर राजस्थान, गुजरात, महाराष्ट्र या प्रत्येक हद्दीवर वेगळा कर भरत बसावे लागत नाही. तुमचा हलक्या मोटारीचा परवाना साडेसात टनांपर्यंतच्या वाहनाला चालतो, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. फास्टॅगचा वार्षिक पास मात्र खासगी मोटारींसाठीच आहे. भाड्याच्या गाडीचा टोल नेहमीप्रमाणे मोजावा लागेल, तो खर्चात धरा.

गाडीत झोपायच्या जागा सहा असतील, पण पट्ट्याच्या खुर्च्या किती, ते मोजा. चालत्या गाडीत पलंगावर कोणीही आडवे व्हायचे नाही, आजोबांनीसुद्धा नाही. त्यांना पडायचे असेल तर गाडी थांबवा. त्यासाठीच तर कॅरॅव्हॅन घेतली आहे. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची खास खुर्ची नसेल तर कायद्याने एक हजार रुपये दंड आहे, आणि दंड हे त्यातले सर्वांत लहान नुकसान आहे. महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि कुठेही ११२, हे दोन आकडे गाडीच्या दारावर आतून चिकटवा.

गुजरातेत दारूबंदी आहे. रतनपूर-शामळाजीच्या हद्दीवर दिल्ली-हरयाणाच्या गाड्या तपासल्या जातात. जाताना किंवा येताना गाडीत एकही बाटली नको, भेट म्हणून कोणी दिलेलीही नको.

निघण्यापूर्वी एक रात्र घराजवळ राहून पाहा. सोहन्याजवळ दमदमा तलावाच्या काठी हरयाणा पर्यटनाचे संकुल आहे. तिथे किंवा ओळखीच्या कुणाच्या फार्महाऊसवर परवानगी घेऊन एक रात्र काढा. पाण्याचा पंप कसा चालतो, शौचालयाची पेटी कशी निघते, कोण घोरते, कोणाला खालचा पलंग लागतो, हे सगळे तिथे कळते. सोसायटीतल्या लोकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे : कॅरॅव्हॅनची उंची बहुधा पावणेतीन मीटरच्या पुढे असते. ती तळघरातल्या पार्किंगमध्ये जात नाही आणि गेटवरची आडवी लोखंडी दांडीही तिला आडवी येते. सामान भरायला बाहेरची जागा आधीच ठरवून सुरक्षारक्षकाला सांगून ठेवा.

वाळूवर नाही, वाडीत

समुद्र दिसला की गाडी अगदी पाण्याजवळ नेऊन उभी करावी, दार उघडले की लाटा, असे प्रत्येकाला वाटते. हे कधीही करू नका. किनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदी आहेच, पण बंदी नसती तरी मी हेच सांगितले असते. ओली वाळू वरून सिमेंटसारखी घट्ट दिसते. तीन टनांची गाडी तिच्यावर उभी राहिली की चाकांखालची वाळू पाणी सोडते आणि चाके हळूहळू रुततात. बाहेर काढायला ॲक्सिलरेटर दाबला की आणखी खोल. तोवर भरती चढू लागते. अलिबागपासून गुहागरपर्यंत दर सुट्टीत अशा गाड्या पाण्यात अडकतात आणि गावकऱ्यांना ट्रॅक्टर आणावा लागतो.

गाडी किनाऱ्यापासून दोन-पाच मिनिटांच्या चालीवर, पक्क्या जमिनीच्या वाडीत उभी करा. वाडीवाल्याशी फोनवर बोलताना गाडीची लांबी, उंची आणि वजन सांगा. फाटक किती रुंद आहे, आतल्या रस्त्यावरून पाण्याचा टँकर किंवा फळांचा ट्रक येतो का, हे विचारा. ट्रक येत असेल तर तुमची गाडीही येईल. नारळाच्या झाडाखाली उभी करू नका. रात्री पडलेला एक नारळ छताची काच फोडतो. चिकूचे झाड पसरट आणि ठेंगणे असते, त्याच्या फांद्या छतावरच्या एसीला घासतात, म्हणून दोन रांगांमधली मोकळी जागा मागा. गाडी सपाट उभी राहिली पाहिजे, नाहीतर झोपणाऱ्याचे डोके खाली येते आणि मोरीचे पाणी उलटे फिरते. चाकांखाली लाकडी ठोकळे लावा, फक्त हँडब्रेकवर विसंबू नका.

कोळीवाड्याच्या बाजूला मोकळी दिसणारी जागा बहुधा मोकळी नसते. तिथे जाळी पसरतात, बोंबील वाळवतात, होड्या ओढतात. विचारल्याशिवाय तिथे गाडी लावणे म्हणजे कुणाच्या तरी दिवसाच्या कमाईवर गाडी लावणे.

आता पाणी. कॅरॅव्हॅनच्या टाकीत बहुधा शंभर लिटरच्या आसपास पाणी मावते. दिल्लीत एकट्या माणसाच्या आंघोळीत वीस-पंचवीस लिटर सहज जाते, तेव्हा चौघांच्या कुटुंबाला ही टाकी दीड दिवस पुरणेही कठीण. यावर उपाय एकच : आंघोळ आणि शौच शक्यतो वाडीतल्या न्हाणीघरात, आणि टाकीचे पाणी भांडी, हात-तोंड आणि रात्रीच्या गरजेपुरते. तशी सोय आणि तिचे भाडे आधीच ठरवा. समुद्रातून आलेल्या मुलांना दाराबाहेरच, झाडाच्या आळ्यात उभे करून एकेक बादली गोडे पाणी घाला. खारी वाळू एकदा आत गेली की ती गादीत, बिजागरीत, पंपाच्या जाळीत जाऊन बसते आणि दिल्लीपर्यंत साथ देते.

सांडपाण्याबद्दल मी हात जोडून विनंती करतो. शौचालयाच्या पेटीतले मैलापाणी आणि त्यातले रसायन वाळूत, ओढ्यात, खाडीत किंवा झाडाच्या मुळाशी कधीही ओतू नका. ते फक्त सेप्टिक टाकीला जोडलेल्या शौचालयात, थोडे थोडे, भरपूर पाण्याबरोबर ओतायचे आणि तेही यजमानाला विचारून. रसायन जास्त झाले तर सेप्टिक टाकीतले जिवाणू मरतात, म्हणून ते मोजून आणि सौम्य प्रकारचे वापरा. भांड्यांचे साबणाचे पाणीही बादलीत धरून मोरीत ओता. केंद्र सरकारने १९९१ साली सबंध डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. बोर्डी आणि घोलवड याच तालुक्यात येतात. इथल्या विहिरी उथळ आहेत आणि वाड्या त्याच पाण्यावर जगतात. आपण चार दिवसांचे पाहुणे. त्यांच्या विहिरीत आपली घाण उतरता कामा नये.

विजेचे थोडक्यात. एसी चालवायचा तर सोळा अँपिअरचा, अर्थिंग असलेला सॉकेट हवा आणि जाड तांब्याची लांब तार तुमची स्वतःची हवी. जुन्या घराच्या पाच अँपिअरच्या सॉकेटवर एसी लावला तर यजमानाची वायरिंग जळते. खरे तर जानेवारीत बोर्डीला रात्री एसीची गरजच नसते. खिडक्यांना जाळी आणि एक पंखा पुरे. गॅसचे मात्र नीट ऐका. हा वायू हवेपेक्षा जड, गळला तर गाडीच्या तळाशी साचतो. शेगडी पेटवताना दार आणि समोरची खिडकी उघडी, चालत्या गाडीत सिलिंडरची कळ बंद, आणि झोपण्यापूर्वी ती बंद आहे हे एका ठरलेल्या माणसाने पाहायचे. तळण गाडीत नको. मासे बाहेरच साफ करा, उरलेसुरले कुत्र्यांपुढे न टाकता वाडीवाला सांगेल तिथे पुरा.

भरती-ओहोटी

दिल्लीत वाढलेल्या मुलांना, आणि त्यांच्या आई-वडिलांनाही, समुद्र दिवसातून दोनदा जागा बदलतो याची सवय नसते. डहाणू-मुंबईकडे उधाणाच्या दिवसांत भरती आणि ओहोटीतला फरक चार-पाच मीटरपर्यंत जातो. मालवणकडे तो साधारण निम्मा. बोर्डीचा किनारा सपाट असल्यामुळे ओहोटीला पाणी फार आत जाते आणि भरतीला तेवढ्याच भराभर परत येते. दूरवर शिंपले वेचणाऱ्या मुलांच्या मागून, खोलगट भागात, पाणी आधी भरते. म्हणून ओहोटीला आत चालत गेलात तरी परत फिरण्याची वेळ घड्याळात लावा.

वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब मुलांना जरूर शिकवा. पंधरवड्यातली जी तिथी असेल तिची पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीची अंदाजे वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी आणि साडेबारा तासांच्या आत पुन्हा भरती. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे त्या दिवसांत पाण्याची हालचाल कमी. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी शक्य असेल तर भांगाचे दिवस निवडावेत. हा हिशेब अंदाजाचा आहे आणि उत्तरेकडे वेळ थोडी पुढेमागे होते, म्हणून पाण्यात उतरण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या एखाद्या मासेमारी करणाऱ्या माणसाला विचारा. तो सांगेल ते अंतिम. ओहोटी लागलेली असताना पाण्यात उतरू नका, आणि मुले गुडघाभर पाण्यात असतील तर एक मोठे माणूस त्यांच्यापेक्षा समुद्राच्या बाजूला उभे राहू द्या.

चार दिवस करायचे काय, असे कोणी विचारील. पहिला दिवस काहीच नको. चालवणाऱ्याला झोपू द्या. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे. वाडीत फळे कशी उतरवतात, कशी धुतात, पिकायला कशी ठेवतात हे यजमानाबरोबर फिरून पाहा, पण झाडावरचे फळ स्वतः तोडू नका. उंबरगाव, संजाण आणि उदवाडा हा पारशी समाजाच्या आगमनाशी जोडलेला पट्टा हद्दीपलीकडे लगेच आहे, आणि बोर्डीजवळच्या बहरोटच्या लेण्यांत त्यांनी आपला पवित्र अग्नी काही काळ जपला होता. मराठी मुलांना सांगायची एक गोष्ट मला या सगळ्याहून मोलाची वाटते. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली याच बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि पुढे ते काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना इथल्या मातीतली आहे. दिल्लीत बालवाडीच्या प्रवेशासाठी रांगा लावणाऱ्या आपल्या पिढीने कोसबाडला जरूर जावे.

परतीच्या आदल्या दिवशी, उजेड असताना, मैल्याची पेटी रिकामी करून धुवा, टाकी भरा, टायरमधली हवा पाहा. गाडीचा तळ आणि चाकांच्या आतली बाजू गोड्या पाण्याने धुवून घ्या; खाऱ्या हवेने ब्रेकचे भाग गंजतात, आणि भाड्याची गाडी परत देताना त्यावरून वाद होतात. जानेवारीऐवजी चैत्र पौर्णिमेच्या सुमारास जाणार असाल तर महामार्गालगत विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा पंधरवडाभर चालते, त्या दिवसांत डहाणूकडे जाणारा महामार्ग तुंबतो हे ध्यानात असू द्या.

आणि घरी पोहोचल्यावर एक काम करा. तुम्ही जिथे थांबलात त्या वाडीचे फाटक किती रुंद होते, सॉकेट कोणता होता, पाणी किती मिळाले, सेप्टिक टाकीची सोय होती का, यजमानाने किती पैसे घेतले, हे एका कागदावर लिहून आपल्या महाराष्ट्र मंडळात द्या. मात्र यजमानाचा फोन नंबर देण्यापूर्वी त्यांना विचारा. पुढच्या कुटुंबाला त्या कागदाचा या लेखापेक्षा जास्त उपयोग होईल.